लाभपासून सुरू होणारी यादी

फळा रोज पुसला जातो, किस्से मात्र डोक्यात साचतच जातात. बेंगळुरूची नोकरी सोडून मी मध्य प्रदेशातल्या सौसरला, घराच्या पुढच्या खोलीत, पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकवते. आपल्या माणसांना आपल्या भाषेत कॉम्प्युटर यायलाच हवा, हा माझा हट्ट! पहिल्या बॅचला विद्यार्थी दोनच: बोरगावच्या मनीषाताई आणि त्यांच्या स्कूटीवर मागे बसून येणारे त्यांचे सासरे गुलाबकाका, ज्यांना त्या मामाजी म्हणतात. त्यांना बागेतल्या १४८ संत्र्यांच्या झाडांची नंबरवार यादी हवी होती.

*

मी ओळीनं आकडे काढणारी आज्ञा लिहिली, range(148). आकडे शून्यापासून सुरू!

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "शून्य नंबरचं झाड कोणतं वो? मले तर कोणी दाखवलं नाही!"

"काका, कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो."

"अन् आम्ही लाभपासून! मोजताना पहिल्या फळाले एक नाही म्हणत. लाभ, दोन, तीन... लिही."

लिहिलं. स्क्रीनभर लाल एरर.

"पाहा, मशीनले लाभ पचत नाही!"

*

मग range(1, 148). यादी १४७ वर थांबली.

"मॅडम, माझंच झाड गेलं न!" मनीषाताई रुसल्या. लग्न होऊन आल्या त्या वर्षी काकांनी १४८वं झाड त्यांच्या हातून लावून घेतलं होतं.

काका माझ्यावरच घसरले. "ज्याचं नाव घेतलं तोच पंगतीबाहेर! असं कसं तुझं कॉम्प्युटर?"

*

एकदा 'एक सोडून एक' आकडे काढून दाखवले. मला वाटलं, आता तरी वाहवा मिळेल.

"मधल्या झाडानं काय गुन्हा केला, पोरी?"

*

चहाच्या वेळी मनीषाताई हळूच म्हणाल्या, "बागेच्या टोकाची जागा रिकामी पडून आहे. पण मागच्या वर्षी आजारातून उठल्यापासून मामाजी एक कलम लावून नाही राह्यले."

काकांनी ऐकलं. "संत्र्याले फळ धराले पाच वर्षं लागते, सूनबाई. लावीन मी, अन् पाहीन कोण?"

 

*

दुसऱ्या दिवशी सांगितलं, शेवटचा आकडा हवा असेल तर त्याच्या पुढचा लिहायचा. काकांनी एका बोटानं टाइप केलं: range(1, 149). यादीत १४८ आला! मनीषाताईंनी टाळ्या वाजवल्या.

काका मात्र १४९ कडेच पाहत होते. "हे झाड कुठं आहे?"

"नाही काका. कुठं थांबायचं ते सांगायला नुसता आकडा."

"म्हणजे शेवटच्याले जागा भेटावी म्हणून याचं नाव घ्याचं, अन् हा बिचारा कुठंच नाही?"

"हो."

दोन दिवस काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नखांत माती घेऊन.

"मामाजी काल पांढुर्ण्याच्या नर्सरीतून एक कलम घेऊन आले," मनीषाताई म्हणाल्या.

काका कॉम्प्युटरपुढे बसले. एका बोटानं १४९ खोडलं आणि सावकाश टाइप केलं: १५०.