मेल्विनच्या हातचा प्रसाद

चहा आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना ठसका लागला तर पाठ चोळायला मी येणार नाही. आणि हो, यातला गाढव मीच आहे, शोधत बसू नका.

आम्ही भाईंदर पश्चिमेचे. लोक गोव्याला जातात, बालीला जातात, आम्ही तीन दिवसांच्या सुट्टीला कुठे गेलो? उत्तनला! घरापासून रिक्षानं पाऊण तास. हसू नका, तिथल्या एका गावात आता सर्फिंग शिकवतात. मेल्विन नावाचा तिशीतला, झुपकेदार मिशांचा तिथलाच गडी शिकवतो आणि त्याची आई घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते.

आमची बारा वर्षांची इरा फळीवर उभी राहायला गेली होती. मी आडवा व्हायला गेलो होतो. दोन्ही सकाळी मी झोपाळ्यात घोरत होतो आणि ती पाण्यात धपाधप पडत होती. रविवारी रात्री रडवेली होऊन म्हणाली, "पप्पा, उद्या शेवटचा क्लास. मी फळीवर उभी राहणार म्हणून वर्गात सगळ्यांना सांगून बसलेय. तुम्ही बघायला याल ना?"

येणार म्हणजे काय! बाप आहे की कोण?

सोमवारी सकाळी सहकुटुंब किनाऱ्यावर हजर. मी, बायको साधना, सासूबाई आणि त्या दिवसापुरतं शिकायला आलेलं भाईंदरचंच एक गुजराती जोडपं. इरा मेल्विनसोबत फळ्या काढत होती. फळ्या मांडून झाल्यावर मेल्विन समुद्राकडे तोंड करून उभा राहिला, डोळे मिटले, छातीवर क्रूसाची खूण केली. सगळे चिडीचूप. मीही आपला हात जोडून उभा. मग तो आला आणि माझ्या हातावर एक पांढरी, गोल वडी ठेवली. नारळाचा काय घमघमाट हो!

"काका, येकच ऱ्हायलाय. सगल्यांना पुरवा हां," म्हणाला आणि इराला घेऊन उरलेली फळी आणायला गेला.

आता तुम्हीच सांगा. प्रार्थना झाली. लगेच हातावर नारळाची वडी आली. सगळ्यांना पुरवा म्हणाला. मराठी माणूस काय करणार? मी उजव्या हातावर घेतली, डोळ्यांना लावली, तुकडा मोडला आणि टाकला तोंडात.

जरा चिवट होती. पण म्हटलं, त्यांच्याकडची पद्धत असेल. आपण नावं ठेवू नयेत.

साधनानं वास घेतला. "अहो, हे नक्की खायचं आहे ना?"

"प्रसादाला नाही म्हणू नये."

सासूबाईंचा सोमवार. "उपासाला चालेल का जावईबापू?"

"नारळच आहे आई, बिनधास्त घ्या."

गुजराती भाईंनी तुकडा उलटासुलटा करून बघितला. "इसमें कांदा-लसून तो नहीं ना?"

"बिलकुल नहीं!" मी छातीठोकपणे सांगितलं. त्या सकाळी मी बोललेलं ते एकमेव खरं वाक्य.

वडी संपली. सगळे गाईसारखे रवंथ करतायत. इतक्यात मेल्विन आला. "काका, झाला लावून? द्या इकडं, पोरीच्या फलीला लावतो."

"काय लावतो?"

"मेन हो, नारलाच्या वासाचा! पाय सरकू नये म्हनून फलीला मेन लावतात ना!"

मी नुसता आवंढा गिळला. वडीसकट.

"खाल्ला?" मेल्विनच्या मिशा थरथरल्या. "सगल्यांनी?"

सासूबाईंनी पदरात थुंकून विचारलं, "मेल्या, मरणार का रे आम्ही?" हे मेल्या मेल्विनला होतं की मला, ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

"न्हाय ओ मावशी, मरत न्हाय कोन. पोटाला जरा ग्रिप येल, येवडाच."

सगळे हसले, इरा सोडून. ती हात फिरवत होती त्या गुळगुळीत फळीवर. "दुसरं मेण?" तिनं विचारलं. न्हाय. पार्सल बुधवारी येणार. आणि आम्हाला बाराला खोली सोडायची!  पोरगी माझ्याकडे पाठ करून वाळूत बसली हो. शरमेनं मला समुद्रात जाऊन बुडावंसं वाटलं, पण पोहता येत नाही.

धावलो. या देहानं! मेल्विनच्या आईसमोर धापा टाकत सगळं कबूल केलं. ती माउली खुर्चीला धरून हसली, डोळे पुसले आणि देव्हाऱ्याखालच्या खणातून एक जाडजूड नवी मेणबत्ती काढून दिली. "ही घासा. आमच्या मेल्विननं लहानपनी हीच वापरली. जा, पोर वाट बघते."

मेणबत्ती घासली. वरून थोडी वाळू चोळली. इरा पाण्यात गेली. पडली. परत गेली. परत पडली. तिसऱ्यांदा लाट आली आणि माझी इरा उभी! चार सेकंद असतील, पण उभी, दोन्ही हात पसरून! मी रडलो. खोटं कशाला बोलू, भोकाड पसरलं. गुजराती भाईंनी मला मिठी मारली.

इरा निथळत बाहेर आली. मी हात पसरून पुढे झालो. ती माझ्या बगलेखालून निसटून थेट मेल्विनकडे गेली आणि उरलेली मेणबत्ती त्याच्या हातात देत म्हणाली,

"दादा, ही जरा उंचावर ठेवा. पप्पांचा नाश्ता व्हायचाय अजून."