पडद्यावरची चिकणमाती

डायलिसिस केंद्राच्या मागच्या खोलीत पाणी शुद्ध करणारं यंत्र मामा सतरा वर्षं सांभाळत होते. स्वभाव घाबरट. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. नर्सेस त्यांना ‘धडधडमामा’ म्हणायच्या.

त्या सकाळी नळाला गढूळ पाणी आलं. नदीच्या वरच्या अंगाला पुलाची खोदाई सुरू झाली होती. वाळू असती तर पहिल्याच गाळणीत अडकली असती. चिकणमातीचे कण मात्र इतके बारीक, की गाळण्या चुकवून ते थेट आतल्या पातळ पडद्यावर बसत होते. त्यात कुजलेल्या पाचोळ्याचा चिकटा. पडदा नुसता लिंपत चालला होता. दाबाचा काटा चढत होता, पलीकडची शुद्ध पाण्याची धार बारीक होत होती.

बाहेर सहा पेशंट यंत्रांना जोडलेले. चौथ्या खाटेवर मामांची थोरली बहीण.

पंपाचा जोर वाढवला तर तासभर निभेल, पण मातीचा थर आणखी घट्ट बसेल. मग पडदा धुऊनही सुटायचा नाही. मामा तडक मोठ्या सिस्टरांकडे गेले.

“सगळ्यांना आत्ताच उतरवा.”

“अजून दोन तास बाकी आहेत, मामा.”

“पाणी मध्येच तुटेल, सिस्टर.”

सिस्टरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एकेकाचं रक्त परत शरीरात सोडायला घेतलं.

मामांनी गाळण्या बदलल्या, पडदा औषधाने धुतला. खरी भीती आता होती. औषधाचा अंश राहिला तर तो यंत्रातून रक्तात जाणार. त्यांनी तपासणीची पट्टी बुडवली. रंग बदलला, म्हणजे औषध शिल्लक होतं. पुन्हा खंगाळलं. रंग फिका, पण होताच.

“अजून किती वेळ?” डॉक्टरांनी दारातून विचारलं.

“सांगता येत नाही.” मामांनी पुन्हा खंगाळायला घेतलं.

तिसरी पट्टी कोरी निघाली. त्यांचा विश्वास बसेना. चौथी बुडवून ती सिस्टरांना दाखवली, तेव्हा कुठे पेशंट पुन्हा जोडायला होकार दिला.

“पडदा तूच धुतलास ना?” ताईने विचारलं. मग सिस्टरांना म्हणाली, “मग लावा मला.”

“मीच धुतलाय, म्हणून तर भीती वाटतेय.”

दोन तास ते तिच्या खाटेशी स्टुलावर बसून राहिले. ती बिनघोर झोपली. यंत्र थांबल्यावर तिने डोळे उघडले.

“हात सोड आता,” ती म्हणाली. “मुंग्या आल्यात.”