पियानोवालीचा फौजदार

प्रेबेन म्योलगोरला फौजदारकी मिळाली ती पोटामुळे. टीव्ही मालिकेसाठी कोपनहेगनहून जो नट यायचा होता त्याच्या पित्ताशयात खडे निघाले, आणि त्याच्या मापाने शिवलेला गणवेश आमच्या क्लिटविगच्या बंदरावर नुसता लटकत राहिला. त्यात मावेल आणि तरी तो ढगळ दिसणार नाही, असा माणूस गावात एकच होता. तो तेव्हा मासे धुरावण्याच्या आपल्या भट्टीत वामींना धुरी देत उभा होता. दिग्दर्शिकेने त्याला तसाच एप्रनसकट बोलावून आणलं.

एकच वाक्य म्हणायचं होतं, “सगळ्यांनी मागे व्हा.” प्रेबेनने ते इतक्या मनापासून म्हटलं, की ज्यांना मागे व्हायचं होतं ते झालेच, पण कॅमेरावालाही दोन पावलं मागे सरकला. फौजदार एका भागापुरता लिहिलेला होता. तो तेवीस वर्षं टिकला.

मी बोडिल. गावात माझं केस कापायचं दुकान आहे, आणि चित्रीकरण असलं की मेकअपही मीच करायची. तेवीस पानगळी प्रेबेन सकाळी माझ्या खुर्चीत बसला. त्याच्या टकलावर पावडर लावायची आणि कानांतली काजळी पुसायची, एवढंच काम. गणवेशाला मात्र धुराचा वास लागला तो कायमचा. कपडेवाल्या बाईने तो भिजवून पाहिला, समुद्राच्या वाऱ्यावर टांगून पाहिला, खिशांत लव्हेंडरच्या पुरचुंड्या ठेवल्या. मग धुरावलेल्या लव्हेंडरचा वास यायला लागला, तेव्हा तिने नाद सोडला.

मालिकेचं खरं नाव लांबलचक होतं, पण सगळा देश तिला ‘पियानोवाली’च म्हणायचा. घरोघर जाऊन पियानो सुरात लावणारी एक विधवा असते. पियानो लावता लावता त्या घरात काय बिघडलंय तेही तिच्या कानावर पडतं. दर भागात एक खून होई, फौजदार भलत्याच माणसाला धरी, आणि शेवटी पियानोवाली खुनी हुडकून काढी आणि फौजदाराला बाजूला घेऊन हळूच एवढंच सांगे, की धरलाय तो हा नव्हे. मग तो टोपी काढून डोकं खाजवी आणि बेड्या सोडवी. पियानोवालीचं काम रिगमोर करायची. ती मोठी नटी, राजधानीतली, पण आमच्या खानावळीत वर्षानुवर्षं तीच एक खोली घेऊन राहायची.

गर्दीत उभं राहायला गावातलीच माणसं लागत, त्यामुळे प्रेबेनने कधी ना कधी पकडलं नाही असं घर क्लिटविगमध्ये उरलं नव्हतं. बेकरीवाला दोनदा आत गेला. मी एकदा पाद्रीबाबांना विष घातल्याच्या संशयावरून गेले. मासे विकताना प्रेबेनने सहज कुणाकडे पाहिलं तरी तो माणूस म्हणे, “बघ बाबा, नीट बघ. तू धरलंस म्हणजे मी सुटलोच.” प्रेबेन हसायचा आणि मासे कागदात गुंडाळायचा.

मालिकेच्या आठव्या की नवव्या वर्षी सरकारने लहान गावांतली पोलीस ठाणी बंद केली. आमचे दोन शिपाई खाडीपलीकडच्या शहरात गेले आणि जुन्या ठाण्यात दातांचा दवाखाना आला. गावात ठाणं म्हणून एकच उरलं, बंदरावरच्या जुन्या जकातघरातलं, मालिकेसाठी सजवलेलं. निळी पाटी होती, लाकडी काउंटर होता, टेलिफोन होता, पण त्याची तार भिंतीत दोन बोटांवर संपत होती.

लोकांना काय, पाटी दिसली की पुरे. आधी कुणीतरी सापडलेला हातमोजा आणून काउंटरवर ठेवला. मग चष्मे, किल्ल्या, बोटीवर विसरलेली कवळी. एकदा एक कासव आलं. चित्रीकरणाच्या सामानाचा माणूस भयंकर चिडला, कारण फौजदार खुनाबद्दल गंभीरपणे बोलत असताना मागून ते कासव निवांत चालत गेलं, आणि हे सगळ्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. देशभर दिसलं ते. प्रेबेनने मग भट्टीच्या बाहेर एक फळी ठोकली आणि सांगितलं, सापडलेलं सगळं इथे आणा.

वस्तू आल्या तशी भांडणंही आली. वान थोरुप आणि त्याची शेजारीण गुड्रुन यांचं मधल्या कुंपणाच्या झाडीवरून वाकडं होतं. चार वर्षं अबोला होता. एक दिवस गुड्रुनने प्रेबेनला निरोप पाठवला, की येऊन काय तो निकाल लाव. हा गेला एप्रनवरच.

वानने दारातच त्याला अडवलं. “असा काय आलास? जा, टोपी घालून ये. टोपीशिवाय तुझं कोण ऐकणार?”

“टोपी कंपनीची आहे. मी माझा आलोय,” प्रेबेन म्हणाला. “कॉफी टाकलीय का?”

कॉफी गुड्रुनकडे होती, म्हणून वानलाही तिकडे जावं लागलं. प्रेबेनने निकाल वगैरे काही दिला नाही. तो बसला, दोघांचं ऐकलं, आणि ऐकता ऐकता गुड्रुनने केलेला सफरचंदाचा केक जवळजवळ सगळा संपवला. तो गेल्यावर दोघं मिळून त्याच्या खादाडपणाबद्दल बोलत बसले. चार वर्षांतलं पहिलंच बोलणं ते. झाडी अजून तशीच आहे.

पुढे कुणीतरी तक्रार केली, की क्लिटविगमध्ये एकजण पोलीस असल्याची बतावणी करतो. शहरातून खरी पोलीसबाई आली, टोवे नावाची. तिने भट्टी पाहिली, फळी पाहिली, फळीवरची कवळी पाहिली आणि हसू दाबत एक धुरावलेला हेरिंग मासा उभ्याउभ्या खाल्ला. जाताना आपला फोन नंबर देऊन म्हणाली, कुंपणापेक्षा मोठं काही असलं तर मला कळवायचं. प्रेबेनने ते अक्षरशः पाळलं. एका हिवाळ्यात बंदरातल्या बोटी फोडल्या गेल्या तेव्हा त्याने लगेच तिला फोन केला आणि स्वतः तिकडे फिरकलासुद्धा नाही. का नाही गेलास विचारलं तर म्हणाला, “मी गेलो असतो तर चुकीचा माणूस धरला असता.”

तो थट्टा करत होता की काय, हे मला आजही सांगता येत नाही.

तेविसाव्या वर्षी कळलं, की यंदा मालिका संपणार. शेवटचा भाग लिहायला येप्पे नावाचा तरुण आला. मुलगा सभ्य होता. आमच्या चिखलासाठी नवेकोरे रबरी बूट घेऊन आला होता आणि सगळ्यांना नावाने नमस्कार करायचा. त्याने लिहिलेली कल्पना बिनतोड होती, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं फौजदार चुकीची माणसं का धरत होता? कारण पहिल्या भागातला, तेवढा एकच न उलगडलेला खून त्यानेच केला होता, आणि पुढचेही बरेच, पियानोवालीलाही चकवून. मूर्खपणा हे सगळं सोंग होतं. शेवटच्या प्रसंगात पियानोवाली त्याला ओळखते आणि तो थंडपणे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेबेन खुर्चीत येऊन बसला. रोज आल्या आल्या तो हवेबद्दल काहीतरी बोलायचा. त्या दिवशी हवा राहून गेली. मी पावडरचा डबा उघडला.

“बोडिल,” तो आरशात बघत म्हणाला, “मीच मारलं गं सगळ्यांना.”

मला हसू आलं आणि त्याचा चेहरा पाहून ते गिळावं लागलं. माझ्या आठवणीत हा माणूस एकदाच असा दिसला होता, त्याचा भाऊ समुद्रावरून परत आला नाही तेव्हा.

गावात ज्याचं त्याचं मत निघालं. खानावळीचा मालक खूश होता, आता जर्मन पाहुण्यांची रीघ लागेल म्हणून. बेकरीवाला म्हणाला, मला दोनदा आत टाकणारा स्वतःच खुनी निघतो यात मला तर समाधानच आहे. प्रेबेनची बायको सोल्वाय फटकळ. ती भट्टीत सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, की लिहिलंय ते म्हण आणि घरी ये, तुला कुणी खरोखरचं तुरुंगात घालत नाहीये. पण संध्याकाळी ती माझ्याकडे केस धुवायला आली तेव्हा तिने सांगितलं, तो दोन दिवस जेवलेला नाही. वामीसुद्धा नाही.

शेवटी तो येप्पेशी बोलायला गेला आणि मला बरोबर घेऊन गेला. काय बोलायचं ते वाटेत त्याने तीनदा ठरवलं, आणि तिथे पोचल्यावर ते सगळं विसरला.

“तो मूर्ख आहे,” प्रेबेन म्हणाला. “ते मला मान्य आहे. तेवीस वर्षं मान्य आहे. पण तो लबाड नाही रे. तो चुकतो ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चुकतो.”

येप्पेने चिडचिड केली नाही. तो म्हणाला, की फौजदार कागदावरचा माणूस आहे, तुम्ही वेगळे आणि तो वेगळा. प्रेक्षक एवढे खुळे नसतात. प्रेबेनने डोकं खाजवलं. मग म्हणाला, असेल तसं, शब्द दिलाय तर करून बघतो.

आणि त्याने खरंच करून पाहिलं. त्या दिवशी जकातघरात अर्धं गाव गर्दीत उभं होतं. रिगमोरने आपला मोठा संवाद म्हटला, आणि प्रेबेनने म्हणायचं होतं, “हो. मी केलं. आणि मला झोप छान लागते.”

पहिल्यांदा त्याने ते असं म्हटलं, की जणू कुणाच्या कुत्र्यावर चुकून सायकल घातलीय. दिग्दर्शिका म्हणाली, थंडपणे म्हण. दुसऱ्यांदा आवाज थंड झाला, पण कान लाल झाले. तिसऱ्यांदा तो ‘मला झोप छान लागते’ म्हणाला आणि त्याच दमात पुटपुटला, “माफ करा.” मागे गुड्रुन फिसकन हसली. मग वान हसला. मग सगळं जकातघर हसायला लागलं आणि थांबेचना. त्यात टिंगल नव्हती. घरातला लहान मुलगा खोटं बोलायला जातो आणि त्याला ते जमत नाही, तेव्हा आई हसते ना, तसं काहीसं. कॅमेरावाल्याचे खांदे हलत होते. प्रेबेन मधोमध उभा, घामाने माझी सगळी पावडर ओघळलेली. तो एकटाच हसत नव्हता.

रिगमोरने चष्मा काढला. तेवीस वर्षांत तिने लिखाणाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. ती येप्पेकडे वळून म्हणाली, “मला नाही जमणार हे. पियानोवाली याच्याकडे बघून असं म्हणेल? ती बहिरी झाली तरी नाही म्हणणार.”

येप्पे पडद्यासमोर बसून तिन्ही खेपा पुन्हा पाहत होता. मग तो उठला आणि प्रेबेनजवळ जाऊन म्हणाला, की कल्पना चांगली होती हो. त्याचा आवाज खरोखर रडवेला होता. प्रेबेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “फार चांगली होती,” तो म्हणाला. “मलाच येत नाही.” आणि दोघं बंदरावर कॉफी प्यायला गेले.

दोन दिवस काम बंद राहिलं. येप्पेने खून दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घातला, आणि प्रेबेनला विचारलं, फौजदारासाठी तुम्हाला काही हवंय का. प्रेबेन म्हणाला, आजवर ज्यांना चुकीचं धरलं त्यांची याने कधी माफी मागितलेली नाही. बेड्या काढतो आणि डोकं खाजवतो, बस. ते बरं दिसत नाही.

म्हणून शेवटच्या भागात फौजदार निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी घरोघर जातो. आम्ही सगळे आपापल्या खऱ्या दारांत उभे राहिलो. तो यायचा, टोपी काढायचा आणि म्हणायचा, “तुला धरलं होतं. चुकलं माझं.” पुढे आम्ही काय बोलायचं ते येप्पेने लिहिलंच नव्हतं. जे येईल ते बोला, म्हणाला. बेकरीवाल्याने त्याच्या हातात एक गरम पाव ठेवला. वान म्हणाला, “ते सोड. माझी सायकल पुरावा म्हणून नेली होतीत तुम्ही, ती अजून जकातघरात आहे.” ते खरंच होतं. सामानाच्या माणसाने ती सात वर्षं दिली नव्हती.  गुड्रुनने त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही, शेवटी कॅमेरा बंद करावा लागला.

माझ्या दारी आला तेव्हा मी त्याला म्हटलं, आत ये, तुझ्या कानात काजळी आहे. तेही त्यांनी ठेवलं.

पुढच्या वसंतात तो भाग दाखवला तेव्हा सगळं गाव खानावळीच्या दिवाणखान्यात जमलं होतं. प्रेबेनने स्वतःला टीव्हीवर कधीच पाहिलं नव्हतं, त्याला लाज वाटायची. तो मागे स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला. पडद्यावर फौजदार शेवटच्या दारातून निघाला, बंदराकडे चालत गेला, आणि संगीत सुरू झालं. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. लोक उठले आणि एकेक करून स्वयंपाकघरात गेले. कुणी त्याच्याशी हात मिळवला, कुणी नुसतंच पाठीवर थापटलं. सोल्वाय सगळ्यात शेवटी गेली. तिने त्याच्या गालाला चिकटलेलं बटाट्याचं साल काढलं आणि म्हणाली, “बरा दिसतोस तू टोपीशिवाय.”

गर्दी ओसरल्यावर मी त्याच्याजवळ स्टूल ओढून बसले. त्याने सुरी खाली ठेवली आणि इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, “बोडिल, केला कुणी होता गं खून?”

“तुला माहीत नाही?” मी विचारलं. मग उलगडा झाला, की इतक्या वर्षांत त्याने फक्त आपली पानं वाचली होती. बाकीची कशाला वाचू, म्हणाला, फौजदाराला कुठे माहीत असतं. एकाही भागात खुनी कोण होता हे त्याला ठाऊक नव्हतं.

मी सांगितलं, की दीपगृहाच्या राखणदाराने केला.

“तो?” प्रेबेन हळहळला. “किती चांगला माणूस वाटायचा तो.” आणि त्याने पुढचा बटाटा उचलला.