तिच्या डोक्याची रापण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे सुकट निवडणं. दिवस कलला होता, खळ्यात गोणपाट पसरलेलं, एका बाजूला माझी बायको, एका बाजूला मी. वाळलेल्या बारीक कोलंबीतून खडे नि शिंपल्यांचे तुकडे वेगळे काढायचे. ती न बघता काढायची. मी बघून चुकायचो.

“तुमका दिसता काय?” ती म्हणाली. “खडे बऱ्या सुकटीत घालतास. गिरायक माका गाळी देतलां.”

“तुका गाळी देवची हिंमत कोणाची आसा?” मी म्हटलं. ते तिला आवडलं, पण दाखवलं नाही.

पंधरा दिवस तिचं डोकं दुखत होतं. एकदा बाजारात मासे देताना डाव्या हातातून तराजूच सुटला. मालवणच्या डॉक्टरनं सांगितलं, डोक्यातल्या शिरांचा फोटो काढा, एखादी फुगलेली असली तर फुटायच्या आत कळायला हवी. दोन हजार सालाला चार-सहा वर्षं होऊन गेली होती, पण तसलं मशीन आमच्या जवळपास नव्हतं. म्हणून सुकट निवडल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही गोव्याला गेलो.

मशीन म्हणजे मोठं पांढरं धूड, मधे भोक. तिनं वाकून आत बघितलं. “ह्येच्यात घालतत ता समाजला,” ती म्हणाली, “भायर काढतत मां?”

मशीन चालवणारी बाई पन्नाशीची होती, समजूतदार. तिनं हिला निजवलं, डोक्यावर पिंजरा बसवला आणि सांगितलं, “मावशी, आठ मिनिटं डोकं हलवायचं नाही, बोलायचंही नाही.” मंगळसूत्र, कानातली सगळं माझ्या खिशात. मी काचेच्या अलीकडे, त्या बाईच्या शेजारी बसलो. आत ठोकाठोकी सुरू झाली. होडीच्या तळाला कोणी हातोडे मारावेत तशी.

पाचेक मिनिटं गेली आणि बाईनं माईकचं बटण दाबून मायेनं विचारलं, “मावशी, बरं वाटतंय ना?”

फोटो आला तो बिघडलेला. एकेक शीर दोन-दोन दिसत होती. “हलल्या,” बाई म्हणाली. परत आठ मिनिटं लावली. मधेच परत बटण. “थोडंच राहिलं हां, मावशी.” परत एकेका शिरेच्या दोन-दोन.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला हसू आलं. माझ्या आईनं हिला नवी नवरी असतानाच शिकवलेलं, मोठ्या माणसापुढे सुनेनं तोंड उघडायचं नाही, मान हलवायची. बाजारात ही चार पुरुषांना गप्प करायची, पण डॉक्टर, तलाठी, भटजी समोर आला की नुसती मान. माझ्याशी बोलायची भरपूर, पण हो म्हणायला तेच. मी पाठमोरा जाळं शिवत असायचो, काही विचारलं की ही मान हलवायची, आणि मी ओरडायचो, “माका काय पाठीक डोळे आसत?”

“बाई, चूक तुमची,” मी म्हटलं. “तुम्ही विचारता, म्हणून ती मान हलवून हो म्हणते.”

“मी तर त्यांना धीर देत होते, काका.”

“धीर नको. गप्प बसा.”

बाई रागावली नाही. पण आत हिचा हात सारखा कपाळाकडे जात होता. बाई म्हणाली, “आणखी आठ मिनिटं ह्या निजणार नाहीत. झटपटचा फोटो काढू, तीन मिनिटांत होईल. थोडा खरखरीत येईल.”

“म्हणजे अर्धं काम सोडून देणार?”

“सगळं मोजायचं नाही, मधलं-मधलं गाळायचं. त्या पिंजऱ्यात आठ कान आहेत, तारेच्या वेटोळ्यांचे. प्रत्येक कान आपल्या बाजूचं जास्त ऐकतो. आठांचं जुळवलं की गाळलेलं भरून काढता येतं.”

हे मला लगेच कळलं. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात, लांबलचक जाळं, दोन्ही टोकांच्या दोरांना पंचवीस-तीस माणसं. प्रत्येकाला आपल्या हातातला ओढा तेवढा कळतो. पण सगळ्यांचे हात मिळून मासा कुठल्या अंगाला आहे ते सांगतात, आणि जाळं वर येतं, मग मासळीचे वाटे पडतात. एकटा माणूस दिवसभर ओढत बसेल. मी बाईला विचारून माईकवर बोललो, “गो, तुज्या डोक्याक रापण घालतत.”

आतून आवाज आला, “मगे माजो वाटो आदीच काढून ठेवा. पाठसून कोण देना नाय.”

बाई इतकी हसली की तिला चष्मा पुसावा लागला. मग तिनं मशीन सुरू केलं आणि हात बटणापासून लांब, मांडीवर ठेवले. ती तीन मिनिटं कोणी कोणाला काही विचारलं नाही. माझ्या तोंडात चार वेळा शब्द आला, मी गिळला.

फोटो चांगला आला. मलासुद्धा दिसलं. शिरेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे एक फुगीर गाठ, पावट्याएवढी. डॉक्टर म्हणाला, आत्ताच दाखल करा, उद्या सकाळी शस्त्रक्रिया. हिनं त्याच्यासमोर मान हलवली.

सकाळपर्यंत ती शीर थांबली नाही. दिवे लागायच्या वेळेला हिनं पाणी मागितलं, मी पेला भरून वळलो तोवर संपलं होतं.

डॉक्टर म्हणाला, कोणाचा दोष नाही. मी पेला धरून उभाच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरी न्यायची गाडी फाटकाशी लागली, तेव्हा मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि मशीनच्या खोलीकडे गेलो. दार बंद होतं. बाकावर बसून राहिलो. बाई डबा घेऊन आली, मला बघून हसली आणि म्हणाली, “मावशींना नेलं ऑपरेशनला?” कागदावर वाचून तिला कळू नये म्हणूनच मी आलो होतो. मी उभा राहिलो आणि सांगितलं. मग म्हटलं, “बाई, फोटो मात्र चांगला आला होता.” तिनं कुलूप उघडून खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही, गाडी थांबली होती.