बिगरतारखेचा प्लॅनर आणि माहेरची साडी

माझ्या नणंदेच्या मुलाचं जावळ सख्ख्या मामाच्या मांडीवर झालं नाही, कारण सख्खा मामा दुसऱ्या दिवशी पोचला.

हा सख्खा मामा म्हणजे आमचे हे. फोनवर बहिणीनं सांगितलेली तारीख यांनी तळहातावर लिहून घेतली आणि मग जेवायच्या आधी हात स्वच्छ धुतले! नांदेडहून लातूर म्हणजे काही परदेश नाही. लोह्याला चहा घेतला, अहमदपूरला पाय मोकळे केले की आलंच. तरी आम्ही पोचलो तेव्हा दारात खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या, मोठाली पातेली घासून उपडी घातली होती आणि भाचा तुळतुळीत डोक्यानं अंगणात खेळत होता. ऐन वेळी शेजारच्या कुण्या काकांना मामा करून त्यांची मांडी वापरली म्हणे. नणंद मंगल आम्हाला बघताच आत वळली. तिनं नुसती ताटं वाढली. (वरण कालचं होतं. मी ओळखलं, पण बोलायला तोंड कुठं होतं?)

पुढं मंगलनं लातुरात घर बांधायला काढलं. घर पुरं होत आलं तसा तिचा मला फोन आला. भावाला नाही, मला!

"वैनी, दिवाळी झाली की वास्तुशांत करून राहिलो. पूजेला मी माहेरच्या साडीवरच बसणार. जावळाला मामा न्हवता, ते मी गिळलं. आता जर का साडी येळंवर आली न्हाई, तर पुन्हा नांदेडची पायरी चढणार न्हाई. सांगून ठेवते!"

आता यात माझी काय चूक? हात यांनी धुतले आणि ऐकून घ्यायचं मी! पण शेजारी बसलेल्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, डोळ्याला पदर लावला. एकुलती एक लेक माहेराला तुटणार म्हटल्यावर त्यांचं जेवणच सुटलं. तेव्हा मी ठरवलं की आता घराचा कारभार वहीत उतरवायचा. यांच्या तळहाताच्या भरवशावर राहायचं नाही.

वजिराबादेत मस्तानभाईंचं वह्या-पुस्तकांचं जुनं दुकान आहे. मी डायरी मागितली. त्यांनी उरलेल्या डायऱ्यांकडे बघितलं सुद्धा नाही.

"भाभी, साल खतम होने को आया, अब तारीखवाली लेके क्या करते? ये प्लॅनर लेव. इसमें तारीखच नै. तुम जब शुरू करे, तब से साल शुरू!"

मी शुरू करीन तेव्हा साल शुरू! लग्न झाल्यापासून एवढा अधिकार मला कुणी दिला नव्हता. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, रोजच्याला एक पान, पानावर 'तारीख' आणि 'वार' एवढंच छापलेलं आणि पुढं रिकामी जागा. मी तो छातीशी धरून घरी आणला.

"तारखा न्हाईत?" आत्याबाईंनी पानं चाळली. "मंग घेतलीस कामून? भिताडावर कॅलेंडर हाय की. तारखांसकट हाय."

"आत्याबाई, ह्यात आपण आपल्या सोयीनं तारखा टाकायच्या."

"तारखा काय सोयीनं येतेत व्हय?"

मी पेन शोधायला उठले. (आज वाटतं, उत्तर द्यायला हवं होतं. निदान त्यावर विचार तरी करायला हवा होता.)

पहिल्या दिवशी मी टीव्ही बघत बघत सगळ्या पानांवर नुसते वार टाकले. सोमवार, मंगळवार, बुधवार, हात थांबत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तारखा टाकायला घेतल्या. कॅलेंडर आत्याबाईंच्या मांडीवर. त्या बघायच्या, मी लिहायची. सगळं सुरळीत चाललेलं असताना त्यांनी एका पानावर तळहात ठेवला.

"थांब! अमावस्या हाय. हे पान कोरं सोड."

"अहो, नुसती तारीख लिहायची आहे."

"अमावस्येला नव्या वहीत काय लिहीत असतेत का? मंगलच्या कामासाठी आणली ना ही वही? मंग सोड म्हणते ना!"

मी पान सोडलं. हातात जी तारीख होती ती पुढच्या पानावर टाकली आणि तशीच पुढं लिहीत गेले. (इथं कुणी शहाणा वाचक हसला असेल, तर त्यानं सासू शेजारी बसलेली असताना एकदा पानं भरून बघावीत.) एका घरात दोन ठिकाणी तारखा नकोत म्हणून मी कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर टाकलं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मंगलनं पत्रिका टाकली होती म्हणे, पण तो ग्रुप बघणं मी सोडलं होतं. आपण आता प्लॅनरवाले!

मंगलचा फोन आला. "वैनी, अमावस्या सरली की पयलाच रविवार. सकाळी या."

मी अमावस्येनंतरच्या पहिल्या रविवारचं पान काढलं, लाल पेननं 'मंगल, वास्तुशांत' लिहिलं, त्याखाली दुहेरी रेघ ओढली आणि वरची तारीख बघून घरभर जाहीर केली, "पंचवीस!" त्यानंतर घरात सगळे पंचवीसच म्हणायला लागले. रविवार हा शब्द कुणाच्या तोंडी राहिला नाही. मी घरी ब्लाउज शिवते. माझी गिऱ्हाइकं "गुरुवारी नेते", "शुक्रवारी येते" अशी वारानंच बोलतात. त्यामुळं रोजच्या कामात मला तारखेचं तोंड बघावं लागलं नाही.

यांना मात्र शेवटी शेवटी शंका आली. "पंचवीसला शनिवार येतोय ना गं?"

"येऊ दे की! मुहूर्त काय तुमची सुट्टी बघून निघतो?"

तळहात धुतलेला माणूस किती वाद घालणार?

मंगलसाठी साडी घेतली, त्यावर ब्लाउज मी स्वतः शिवला. त्याच दुकानात माझ्यासाठीही एक घेतली. जांभळी, मोरपंखी काठांची. मंगलच्या साडीपेक्षा ती जराशी बरी होती. (जराशीच! शिवाय धावपळ कुणी केली होती?)

पंचवीसला पहाटे भाड्यानं ठरवलेली खाजाभाईंची जीप दारात हजर. आहेराची पिशवी मी स्वतःच्या हातानं मागं ठेवली आणि रस्ताभर यांना ऐकवत गेले. "बघा! याला म्हणतात नियोजन!" लोह्याला चहा पिताना तर मी चहावाल्यालाही प्लॅनर दाखवला. त्यानं विचारलं, "ताई, यात उधारी लिहिता येते का?" एवढं सोडलं तर प्रवास सुखाचा झाला.

मंगलच्या नव्या घरापाशी उतरलो आणि बघते तर काय! दाराला कुलूप. अंगणात खुर्च्या एकावर एक रचलेल्या. पातेली उपडी. भिंतीला टेकवून ठेवलेल्या मांडवाच्या कनाती. एक चिटपाखरू नाही!

हे मटकन पायरीवर बसले. "झालं गं. ह्या येळंला बी झालं."

आत्याबाईंनी तर गळाच काढला. "माझ्या लेकीनं कुणाच्या साडीवर पूजा केली असंल गं माय!"

पण मी रडणाऱ्यातली नाही. माझ्या डोक्यात सणक गेली. सकाळी या म्हणाली, आम्ही सकाळीच आलो. लाल पेननं लिहिलेलं आहे, दुहेरी रेघ आहे! म्हणजे यांनी मुद्दाम पहाटेच उरकून घेतलं. जावळाचा सूड!

"खाजाभाई, जीप वळवा! तिच्या भाड्याच्या घरी चला. मी बघते एकेकाला!"

भाड्याचं घर दोन गल्ल्या पलीकडं. दार उघडंच होतं. आत मंगल, डोक्याला फडकं, नाकावर धूळ, भांडी पोत्यात भरत बसलेली. ती काही बोलायच्या आत मी सुरू झाले.

"वा मंगलबाई, वा! माहेरचं माणूस यायच्या आत वास्तू उरकलीत? आम्ही काय वाटेवर पडलेलो आहोत? साडी कुणाची नेसलात ते तरी सांगा! शेजारच्या काकांची का?"

मंगलच्या हातातला तांब्या हातातच राहिला. खिडकीत शेजारणींची डोकी उगवली. मी थांबले नाही. जावळाचं शिळं वरणसुद्धा काढलं!

बरंच बोलून मला धाप लागली तेव्हा मंगल हळूच म्हणाली, "वैनी, वास्तू उद्या हाय."

"उद्या कशी? हे बघ!" मी खांद्यावरच्या पर्समधून प्लॅनर ओढून काढला आणि पान तिच्या नाकासमोर धरलं. "रविवार! पंचवीस!"

"आज पंचवीसच हाय वैनी. पण आज शनिवार हाय. रविवार उद्याच्याला." तिनं पानं मागं चाळली. " ह्यात एका कोऱ्या पानाला वार हाय अन् तारीख न्हाई, तिथून पुढं तुमच्या तारखा एक घर मागं सरकल्यात बगा."

मी आत्याबाईंकडे बघितलं. "तुम्हीच म्हणालात, अमावस्येचं पान सोड!"

"म्या पान सोड म्हणले," आत्याबाई डोळे पुसून ताठ बसल्या. "तारीख सोड म्हणले का?"

खिडकीतल्या शेजारणी पदरात तोंड खुपसून हसत होत्या. मंगल मात्र हसली नाही. तिनं यांच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

"दादा, जन्मात पयल्यांदा येळेच्या आधी आलास रे."

"मग! मला उशीर चालत न्हाई," हे म्हणाले. खरंच म्हणाले! तोंड वर करून!

माझा संताप नुसता उकळत होता. बाहेर खाजाभाईंनी हॉर्न दिला, तर मी त्यांच्यावरच ओरडले. "तुम्ही काय थांबलात? जावा तुम्ही! आम्ही उद्या एसटीनं येतो!" ते बिचारे आले तसे गेले.

लवकर आलेल्या पाहुण्यांचं काय करायचं असतं, हे मंगलला चांगलं ठाऊक होतं. यांना नव्या घरात फरशीवरचं सिमेंट खरवडायला बसवलं. मला तिची एक जुनी साडी दिली. मी अंगावरची जांभळी साडी घडी घालून ठेवली आणि संध्याकाळपर्यंत खिडक्यांच्या काचांवरचा रंग घासत बसले. त्या जुन्या साडीच्या पदरावर हिरव्या ऑइलपेंटचा पंज्याएवढा डाग पडला. पडू दे, मी मनात म्हटलं, साडी तिची आहे.

रविवारी सकाळी सगळं कसं देखणं होतं! कनाती लागल्या, खुर्च्या मांडल्या, माणसं जमली. मी अंघोळ करून पुन्हा जांभळी साडी नेसले, तेव्हा दोघी-तिघींनी काठ हातात घेऊन बघितले. गुरुजींनी पाट मांडला आणि आवाज दिला, "माहेरचा आहेर आणा."

मी ऐटीत उठले. आत गेले. पेटी बघितली, पोती बघितली, कॉटखाली बघितलं. आणि मग मला जीपचा मागचा भाग आठवला. मी यांच्याच फोनवरून खाजाभाईंना फोन लावला.

"भाभी, पिशवी हाय ना गाडीत. काळजी नका करू. म्या भाविक घेऊन माहूरला आलो."

माहूर! लातूरहून नांदेड आणि नांदेडहून आणखी पुढं! मी बाहेर आले. मंगल रिकाम्या हातांनी माझी वाट बघत उभी होती. माझं तोंड बघून तिला कळलं.

"न्हाई ना आणली?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या वैनी. तुमच्या नांदेडला काय तारखा हायत, काय साड्या हायत!"

तिच्या आवाजात रडू होतं. ती आत वळली, म्हणजे नांदेडची पायरी सुटलीच. हे जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात आत्याबाई उठल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या काठांवरून हात फिरवला.

"सुनंदा, सोड ती."

"काय?"

"साडी. माहेरचीच हाय ना? नवीच हाय ना?"

"अहो, मी नेसलेली आहे!"

"कालच तर घडी मोडलीस. चल आत."

मला विचार करायलाही वेळ मिळाला नाही. दहा मिनिटांनी मंगल माझी जांभळी साडी नेसून पाटावर बसली. ती तिला माझ्यापेक्षा शोभत होती, हे मी रागात असूनही कबूल करते. मंत्र सुरू झाले, मंगल हसली आणि आत्याबाईंनी देवाला हात जोडले. मी मागच्या रांगेत, ऑइलपेंटचा हिरवा पंजा असलेल्या जुन्या साडीत. तो पंजा वास्तुशांतीच्या प्रत्येक फोटोत आलेला आहे.

मंगल येईल त्याला सांगत होती, "आमच्या वैनीनं अंगावरची साडी काढून दिली बगा!" सगळ्या बायका माझ्या पाया पडत होत्या. मी आशीर्वाद देत होते. दुसरं काय करणार होते?

खाजाभाई माहूरहून परतले, पिशवी दिली. मी म्हटलं चला, निदान ही साडी तरी मला. तर आत्याबाई म्हणाल्या, "ती मंगलच्या नावानं घेतलेली हाय, दुसऱ्याच्या नावाचं घरात ठेवू नये," आणि यांच्या हाती लातूरला धाडून दिली. हे या वेळीही अगदी वेळेवर पोचले!

कॅलेंडर आता पुन्हा भिंतीवर आहे. प्लॅनरसुद्धा मी टाकलेला नाही. त्यातल्या एका कोऱ्या पानावर मी लाल पेननं लिहून ठेवलं आहे, 'मंगलकडून जांभळी साडी परत मागणे', आणि खाली दुहेरी रेघ ओढली आहे. तारीख मात्र टाकायचं धाडस अजून झालेलं नाही. मस्तानभाई म्हणाले होतेच, मी शुरू करीन तेव्हा साल शुरू!