मुंगसांची राख

वडिलांचा उजवा हात काही केल्या नूतनच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. दिवाळीला ती माहेरी गेली, तेव्हा नानांनी चहाची बशी उचलली आणि मनगटच गळून पडलं. चहा धोतरावर.

"हात दाखवू ना डॉक्टरला," ती म्हणाली.

"डाक्टर कसाले? जाळं वढी वढी थकी गया तो," जीवरामनाना म्हणाले. "तू कालेजात पुस्तकं उचलस, तुन्हा नही थकस का?"

नूतन शिरपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. नाना शिंदखेडा तालुक्यातले तापीकाठचे भोई. त्यांनी फेकलेलं जाळं पाण्यावर ताटासारखं गोल पडायचं. जाळ्याच्या कडेच्या शिशाच्या गोळ्याही ते घरीच ओतत. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, अंगणातल्या चुलीवर शिसं वितळवायचं, मातीच्या साच्यात ओतायचं. तीस वर्षं हेच चाललेलं.

चुलीमागच्या राखेच्या ढिगाजवळ मुंगसाची जोडी राहायची. राखेत लोळायची, मग अंग चाटत बसायची. सकाळी मुंगूस दिसलं की जाळं भरतं, म्हणून नाना त्यांना कुणाला हाकलू देत नसत. त्याच दिवाळीत दोन्ही मुंगसं मेली. उंदराचं औषध ठेवलं म्हणून नानांनी शेजारच्या युवराजला शिव्या घातल्या.

कॉलेजातल्या सारिका मॅडम रानप्राण्यांच्या शरीरातल्या जड धातूंवर काम करत. नूतनने कळवल्यावर त्या वनखात्याच्या परवानगीने एक मुंगूस घेऊन गेल्या होत्या. आज त्या ग्रंथालयात आल्या.

"यकृतात शिसं आहे, हाडांतही. म्हणजे बरेच महिने पोटात जात होतं. तिथे कुणी बॅटऱ्या फोडतं का?"

"माझे वडीलच." नूतनने हाताचंही सांगितलं.

"शिशाने मनगट असं लुळं पडू शकतं. त्यांचं रक्त लगेच तपासा. आणि त्या राखेला कुणी हात लावू नका."

राख म्हटल्यावर नूतनला माहेरची मोरी आठवली. तिच्या भावाची बायको बेबावहिनी त्याच राखेने घरातली सगळी भांडी घासायची. साबणाला वास येतो, असं नानांचं म्हणणं. नूतनची मुलगी दीपमाला दर सुट्टीत त्याच ताटात जेवायची.

तिने नानांचा नंबर काढला आणि थांबली. ते काय म्हणतील ते तिला ऐकूच येत होतं: "मुंगूस मरी गयं, मी काय मुंगूस शे?" नानांशी बोलायला उद्या तिला स्वतःच जावं लागणार होतं, दवाखान्यात न्यायची गाडी घेऊन.

पण दुपारची जेवणं आटोपत आली होती. वहिनी आता खरकटी भांडी घेऊन मोरीवर बसेल. नूतनने बेबावहिनीचा नंबर लावला.