चिडक्या आईचे अकरा टेक

माझ्या मुलीनं माझ्यावर एक गाणं लिहिलं आणि त्यात माझ्याबद्दल एकही चांगला शब्द नव्हता.

वाईट तरी कशाचं वाटून घ्यायचं? शब्द सगळे माझेच होते! गाण्याचं नाव ‘पंखा बंद कर!’ आणि धृपद असं : ‘पंखा बंद कर, दिवा बंद कर, मोबाईल बंद कर, तोंड बंद कर!’ दुसऱ्या कडव्यात गादीवर टाकलेला ओला टॉवेल, तिसऱ्यात बाथरूमच्या जाळीत अडकलेले केस. एकवीस वर्षं घसा कोरडा करून मी जे साहित्य निर्माण केलं, ते हिनं एका दुपारी वहीत उतरवलं आणि खाली ‘गीत : गार्गी’ असं लिहून मोकळी झाली.

“हे कसल्या प्रकारचं गाणं म्हणायचं?” मी विचारलं.

“पॉप-पंक.”

“म्हणजे?”

“म्हणजे चिडायचं, पण उड्या मारत.”

उड्यांचं मला माहीत नाही, पण चिडणं हा माझा प्रांत. मी शाळेत गणित शिकवते. माझा आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गातून थेट मैदानापलीकडच्या गेटपर्यंत जातो. एकदा शाळेची घंटा बिघडली होती, तेव्हा दोन दिवस तास माझ्यावर सुटत होते!

आता थोडं मागचं सांगते. गार्गीनं दुसऱ्या वर्षानंतर इंजिनिअरिंग सोडलं आणि मीडियाच्या कोर्सला प्रवेश घेतला. त्या दिवशी मी काय काय बोलले ते सगळं सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की आमच्या खालच्या मजल्यावरच्या लिमये वहिनींनी टीव्ही बंद करून ते ऐकलं. त्यानंतर घरात भांडण असं झालंच नाही. “आई, वाढ.” “आई, येते.” “आई, किल्ली घेतलीय.” दोन वर्षं आमचं बोलणं एवढंच. पेईंग गेस्टसुद्धा याहून जास्त बोलतो हो!

आणि एका गुरुवारी ती स्वतःहून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. शेवटच्या सत्राचा प्रोजेक्ट म्हणून या गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. सोमवारी दुपारी बाराच्या आत द्यायचा, नाहीतर वर्ष गेलं. कॅमेरा कॉलेजचा, तो फक्त रविवारी मिळणार आणि संध्याकाळी सहाला परत करायचा. सगळं जमलं होतं आणि आईचं काम करणाऱ्या मुलीला नेमक्या कांजिण्या आल्या!

“तू करशील?” गार्गी जमिनीकडे बघत म्हणाली. “तुला वेगळं काही करायचं नाहीये. तू जशी आहेस तशीच.”

“जशी आहे तशी म्हणजे कशी?”

“म्हणजे... ओरडायचं.”

“बघते,” असं तुटकपणे म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, आणि कुकरमध्ये डाळ लावता लावता मला रडूच आलं. दोन वर्षांनी पोरीनं माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, हा व्हिडिओ माझ्यामुळे अडता कामा नये.

तो नऊ तासांत अकरा वेळा अडला. अकराही वेळा माझ्यामुळे.

रविवारी पहाटे पाचला उठले. कॉलेजची मुलं घरी येणार, आपलं घर कॅमेऱ्यात दिसणार! पडदे बदलले, पंखे पुसले. गार्गी अंघोळीला गेली तशी तिची खोली आवरली. कपड्यांच्या घड्या, पुस्तकं उंचीनुसार, पलंगावर लग्नकार्याला काढतो ती चादर. नऊ वाजता ओंकार आला. ओंकार म्हणजे यांचा दिग्दर्शक आणि कॅमेरामन, दोन्ही. मूळचा वर्ध्याचा, इथे कर्वेनगरातच खोली घेऊन राहतो. त्याच्यामागे ढोल, गिटारी आणि वायरी घेऊन बँडची तीन मुलं. त्यातल्या एकाचे केस कोथिंबिरीसारखे हिरवेगार! (“धुतल्यावर उतरतो का रे रंग?” मी काळजीनं विचारलं. उशीचे अभ्रे नवीन होते.)

ओंकारनं खोलीचं दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला.

“काकू, पसारा कुठं गेला?”

“आवरला!” मी अभिमानानं म्हटलं.

“पण गाणंच पसाऱ्यावर आहे नं, काकू! आई पसारा पाहून चिडते!”

गार्गीनं डोळे मिटून घेतले. मी लगेच पसारा करायला धावले; पण हात वळेनात. एक शर्ट जमिनीवर टाकला आणि सवयीनं उचलला. पुन्हा टाकला, पुन्हा उचलला. शेवटी आमच्या ह्यांना बोलावलं. हे आले, पेपर वाचत एकदा खोलीतून फेरी मारली, चहाचा कप पुस्तकावर ठेवला, मोजे शोधण्यासाठी कपाट उघडलं आणि पाच मिनिटांत खोली शूटिंगसाठी तयार! “सेट डिझायनर आहेत काका,” ओंकार म्हणाला, आणि हे दिवसभर त्याच तोऱ्यात वावरले.

मग माझा वेश. ओंकारला हवा होता गाऊन आणि खांद्यावर नॅपकिन. मी नेसून बसले होते आंबा रंगाची पैठणी, केसांत अबोली!

“गाऊनवर? जगासमोर? शाळेतली पोरं बघतील!”

“आई, घरात पैठणी नेसून कोण ओरडतं?” गार्गी.

“आमच्यात सणाच्या दिवशी सगळेच,” हे म्हणाले. त्यांना मी नजरेनंच गप्प केलं. (ती नजर तेव्हा कॅमेऱ्यात टिपली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं!) तडजोड म्हणून साधी साडी नेसले. अबोली मात्र ठेवली.

“आधी खाऊन घ्या,” मी म्हटलं. साबुदाण्याची खिचडी केली होती, काकडीची कोशिंबीर होती, वर लाडू. खोली घेऊन राहणारी पोरं ती, नको कशाला म्हणतील? तीन-तीन बशा हाणल्या. परिणाम असा, की उड्यांचा पहिला शॉट सुरू झाला तेव्हा बँड जमिनीपासून दोन बोटंही वर उठेना. हिरव्या केसांचा मुलगा तर गिटार पोटावर घेऊन पलंगावर झोपला. समाजावर चिडलेली तरुण पिढी चक्क घोरत होती!

तोवर वाजले साडेअकरा. मग माझा शॉट. मी दारातून आत यायचं, पसारा बघायचा आणि ओरडायचं, ‘पंखा बंद कर!’ बस. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. मी आत आले आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मीच दचकले.

“गार्गी बाळा, पंखा बंद करतेस का? आपण वीज वाचवायला हवी, हो ना?”

शाळेत तपासणीला साहेब आले, की आम्हा शिक्षकांच्या गळ्यातून असाच आवाज निघतो. एरवी ‘अरे ए गाढवा’ म्हणणारी मी, साहेब मागच्या बाकावर बसले की ‘सांग बरं राजा, सात आठे किती?’ सव्वीस वर्षांची सवय! आणि तो लाल दिवा म्हणजे मला साक्षात साहेबच दिसत होते.

“काकू, काहून हसून राहिल्या तुम्ही? चिडा नं थोडं!”

दुसरा टेक. “बाळा...” तिसरा टेक. “अगं, किती हा पसारा, गंमतच आहे बाई!” पाचव्या टेकला मी गार्गीच्या गालावरून हात फिरवला. सातव्याला ढोल वाजवणाऱ्या पोराला “दमलास का रे?” असं विचारलं. दहाव्याला ओंकार हात जोडून म्हणाला, “काकू, मी तुमच्या वर्गातला सगळ्यात ढ पोरगा आहे असं समजा, मी वही आणली नाही!” मी त्याला म्हटलं, “उद्या आण हं.” अकराव्या टेकला गार्गी मटकन खुर्चीवर बसली. घड्याळात चार वाजून गेले होते.

“लिमये काकूंना विचारू का?” ती हळूच म्हणाली.

लिमये वहिनी हौशी नाटकांत कामं करतात. सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी त्यांचा एक तरी प्रवेश असतोच, आणि मरायचा असेल तर तो वीस मिनिटं चालतो. मी “विचार की,” असं म्हटलं खरं, पण मला इतकं कानकोंडं झालं म्हणून सांगू! माझ्यावरचं गाणं, माझं घर, माझी मुलगी आणि आईचं काम शेजारीण करणार! मी थालीपिठं लावायला स्वयंपाकघरात गेले. सगळ्यांना पुन्हा भूक लागली असणार, निदान तेवढं तरी मला जमतं.

वहिनी दोन मिनिटांत हजर. चक्क गाऊन घालून, खांद्यावर नॅपकिन टाकून! (बाई जिन्यातच उभ्या होत्या की काय कोण जाणे.) ओंकार म्हणाला, “ॲक्शन!” आणि वहिनींचा आवाज घरभर घुमला. पंखा झाला, टॉवेल झाला. झक्कास ओरडत होत्या, खोटं कशाला बोलू? पण हौशी नटीला दिलेल्या वाक्यांत थांबवतंय कोण! त्यांनी पदरचं घालायला सुरुवात केली.

“एवढी घोडी झालीस! इंजिनिअरिंग सोडून गळ्यात गिटार अडकवून फिरतेस! चार माणसांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस आम्हाला!”

माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. हे वाक्य माझं होतं. शब्द न् शब्द माझा, दोन वर्षांपूर्वीचा. मी खोलीच्या दाराशी आले. गार्गी मान खाली घालून उभी होती, आणि ती अभिनय करत नव्हती. त्या दिवशीही ती अशीच उभी राहिली असणार. मी तेव्हा तिच्याकडे बघितलंच नव्हतं. बोलण्यात होते ना!

पुढचं मला नीट आठवत नाही. जे सांगते ते व्हिडिओत बघून सांगते.

“ओ वहिनी!” पिठानं माखलेलं उलथणं घेऊन मी आत घुसले. “कुणाला बोलताय? इंजिनिअरिंग सोडलं तर सोडलं, तुमच्या घरचं सोडलं का? हे गाणं हिनं लिहिलंय, चाल हिनं लावलीय, दोन महिने ही पोरं राबताहेत, आहे माहीत? तोंड दाखवायला जागा नाही म्हणे! मी आई आहे हिची! बघा माझं तोंड! नीट बघा! हिला ओरडायचा हक्क या घरात फक्त एका बाईला आहे, आणि ती बाई अजून जिवंत आहे!”

वहिनी भिंतीला टेकल्या. मी गार्गीकडे वळले.

“आणि तू काय मान खाली घालून उभी आहेस? काही चोरी केलीयस? मान वर कर! आणि तो पंखा बंद कर!”

झालं! गार्गीनं मान वर केली, गिटारीवर असा काही हात मारला की बस! ढोलवाला ढोलावर तुटून पडला, हिरवा मुलगा झोपेतून उठून पलंगावरच उड्या मारायला लागला आणि चौथ्या उडीला पलंगाची फळी कडाडकन मोडली! हे दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मधोमध उलथणं नाचवत ओरडतेच आहे. थालीपीठ करपल्याचा धूर आत आला आणि तो व्हिडिओत इतका सुंदर दिसतो, की लोक विचारतात, धुराचं मशीन कुठून आणलं?

ओंकारनं कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं. “काकू, कॅमेरा चालूच होता.”

कॅमेरा सहाला पाच कमी असताना कॉलेजात पोहोचला. मुलं गेल्यावर मी करपलेला तवा घासत होते, तर गार्गी मागून येऊन मला बिलगली. कितीतरी वेळ सोडेचना. “आई, तू जे बोललीस ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं,” एवढंच म्हणाली. “ते आधीचंही स्क्रिप्टमध्ये नव्हतं गं,” मी म्हटलं, “मी उगाच बोलले होते.” मग आम्ही दोघींनी मिळून भरपूर रडून घेतलं. ह्यांनी विचारलं, “थालीपीठ उरलंय का?”

सोमवारी साडेअकराला प्रोजेक्ट जमा झाला. पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्यांचे व्हिडिओ दाखवले. आमचा संपला तेव्हा अख्खा हॉल उभा राहिला! शिट्ट्या, आरोळ्या, “काकू! काकू!” पोरांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं. गार्गी पहिली आली. पहिली! मी पैठणी नेसूनच गेले होते, तिनं हाताला धरून मला स्टेजवर ओढलं. लिमये वहिनी पहिल्या रांगेत बसून आजूबाजूच्यांना सांगत होत्या, “मी मुद्दाम डिवचलं हो त्यांना! त्याशिवाय काम निघेना!”

मग बाहेरून आलेल्या परीक्षक बाई स्टेजवर आल्या. कडक बाई. गार्गीचं कौतुक केलं, ओंकारचं केलं. मला वाटलं, आता आपलं. ओंकारनं माझे ते वाया गेलेले अकरा टेक पहिल्या कडव्यात जोडले होते. मी गालावरून हात फिरवतेय, ‘बाळा’ म्हणतेय वगैरे. बाईंनी हातातला कागद चष्म्याजवळ धरून वाचला.

“एकच सूचना. चिडलेल्या आईचं काम अप्रतिम, अगदी आतून आलेलं. मात्र सुरुवातीची प्रेमळ आई फार खोटी वाटते. त्यासाठी दुसरी कोणीतरी घ्यायला हवी होती.”

अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात गार्गीनं. आणि मी बाईंच्या शेजारी उभी राहून, जमेल तेवढ्या प्रेमळपणे हसत होते!